थेरंदर राजाचा कौल

“राजा मरतो की नाही, तेवढं आधी सांगा बाई,” मी म्हटलं. “म्हणजे मला किती रडायचंय त्याचा अंदाज येतो.”

इरावतीबाई हसल्या. धामणखोलच्या देवळामागच्या पडवीत आम्ही दशावतारी रंग लावत बसलो होतो, आणि कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या त्या बाई एका पालथ्या घमेल्यावर बसून आम्हाला ग्रीक लोकांची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या कॉलेजाने आमच्या देवळासमोर महोत्सव भरवला होता. नेहमीची आख्यानं नकोत, एक परदेशी कथा तुमच्या पद्धतीने करा, असा त्यांचा हट्ट. उन्हं कलली की प्रयोग सुरू होणार होता.

आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं. पडद्यामागे गोष्ट सांगितली जाते, कोण कोणाचा कोण ते ठरतं, आणि तोंडाला रंग फासून आम्ही बाहेर पडतो. काय बोलायचं ते बाहेर गेल्यावर सुचतं. सुचलं नाही तर पद म्हणायचं. आमच्या या मंडळात राणी मी. घरी मला बायको आणि दोन मुलगे, रंगावर, म्हणजे खेळात, मला नवरा: लवूदाजी धामापकर, मंडळाचे मालक आणि राजाची कामं करणारे, म्हणजे आमची राजापार्टी. माझं लग्न व्हायच्या आधीपासून मी त्यांची राणी होतो, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचा हक्क मला जरा जास्तच होता.

आणि त्या दिवशी मी चिडलेलाच होतो. एका जागी बसवत नव्हतं. निऱ्या घालायचो, सोडायचो, परत घालायचो.

“अंतू, लुगड्याक काय मुंगळे लागले काय रे?” दाजींनी कोपऱ्यातून विचारलं. आवाज घोगरा, वाळूतून होडी ओढल्यासारखा.

मी निऱ्या पुन्हा सोडल्या.

दिवाळीपासून त्यांचा आवाज बसला होता. लोकांना वाटलं जागरणं. मग गोव्याच्या मोठ्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. आवाजाची पेटीच काढून टाकावी लागेल म्हणाले. काढली तर माणूस बोलणार नाही, गाणार नाही, पण जगेल. ठेवली तर पुढची जत्रा काही बघायचा नाही. आवडाकाकींनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, हॉस्पिटलात जायची पिशवी भरून ठेवली. निघायच्या आदल्या सकाळी दाजी एकटेच देवळात गेले आणि कौल लावून आले.

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण विचारायचं आणि डोळे लावून बसायचं. उजवी पडली की देवाचा होकार. दाजींनी मनातला कौल लावला होता, प्रश्न तोंडाने न बोलता. परत आले ते हसत.

“उजवी पडली. देव होय म्हणता. आता डॉक्टराकडे जावचा नाय.”

झालं. देव बोलल्यावर माणसाने काय बोलायचं? काकींनी पिशवीतले कपडे पुन्हा दांडीवर टाकले. डोळे पुसत होत्या, पण देवाच्या शब्दाबाहेर जायची त्यांची छाती नव्हती. मी मात्र भांडलो. “दाजी, देवाक गाठ दिसली नसात, डॉक्टराक दिसली,” असंही बोलून गेलो. ते शांतपणे म्हणाले, “तू देवाच्या वर झालंस काय रे, मेल्या?” तेव्हापासून आमचं बोलणं धड नव्हतं.

“तर राजा,” इरावतीबाई सांगत होत्या, “त्याचं नाव थेरांद्रोस.”

“थेरंदर,” दाजी म्हणाले. “थेरंदर महाराज. पुढे?”

“पुढे शेजारच्या नगराशी तंटा होतो. राजा देवाला विचारायला जातो. त्यांच्याकडेही तुमच्यासारखाच कौल असायचा बरं का. परत येऊन सांगतो, देव हो म्हणाला. सगळं नगर शस्त्रं उचलतं आणि युद्धात सगळं नगर मरतं.”

“देव खोटो बोललो?” गुणाजीने विचारलं. गुणाजी आमची देवपार्टी. त्याला देवाची बाजू घ्यावीच लागते.

“नाही ना! तिथेच तर गंमत आहे. शेवटी राणी राजाला विचारते, तुम्ही देवाला नेमकं विचारलंत काय? आणि कळतं, त्याने युद्धाचं विचारलंच नव्हतं. त्याने विचारलं होतं, माझं नाव राहील का? देव हो म्हणाला. आणि नाव राहिलं. नगर बुडवणारा म्हणून राहिलं.”

माझ्या हातात पदराची पिन होती. ती तशीच हातात राहिली. मी दाजींकडे पाहिलं. ते आरशात बघून भुवया कोरत होते, आणि त्यांचा हात स्थिर होता. फार स्थिर होता.

“म्हणजे राजो वायट होतो,” पायपेटीवाला न्हानू म्हणाला.

“नाही,” बाई घमेल्यावरून पुढे सरकल्या. “वाईट माणसाचं वाईट झालं तर त्यात नाटक कसलं? हा राजा चांगला. शब्दाचा पक्का, मानी, कोणापुढे न वाकणारा. ज्या गुणामुळे तो राजा झाला त्याच गुणाने तो खड्ड्यात जातो. देव फक्त आधी सांगून ठेवतो. चालत जातो तो स्वतःच्या पायांनी.”

“मगे देव होयो कित्याक?” दाजी आरशातूनच म्हणाले. “माणूसच पुरे झालो.”

देव हवाच कशाला, हे बाईंना इतकं आवडलं की त्यांनी टाळी वाजवली. मग म्हणाल्या, ग्रीक लोकांच्या नाटकात गावातली दहाबारा माणसं बाजूला उभी असतात. सगळं बघतात, हळहळतात, राजाला जपून जा म्हणतात. पण मधे पडत नाहीत.

“त्यांका काय मानधन?” मी विचारलं. “फुकटचं बघून हळहळायचं काम आमचं गाव करतंच की.”

“आणि शेवट असाच करायचा,” बाई म्हणाल्या. “राजा एकटा उभा. देव येत नाही.”

दाजींनी पहिल्यांदाच मान वळवली. “बाई, ह्या देवळासमोरचा रंगण. हंयसर देव येवकच होयो. देव इल्याशिवाय पडदो पडणा नाय. आमच्या बापाशीन पाडलो नाय, मी पाडूचंय नाय.”

बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, काही हरकत नाही, त्यांच्याकडेही कधीकधी देवाला दोराने वरून खाली सोडत. गुणाजी घाबरून आढ्याकडे बघायला लागला.

गुणाजीच्या उजव्या हातात सोन्याची अंगठी होती. तिचीही एक कथा आहे. फार पूर्वी एका खेळात दाजी दानशूर राजा होते आणि गुणाजी याचक. बोलता बोलता दाजी इतके रंगात आले की पितळेच्या अंगठीऐवजी त्यांनी बोटातली खरी काढून दिली, लग्नातली. खेळ संपल्यावर गुणाजी परत करायला आला तर म्हणाले, “रंगार दिलेला परत घेवचा नाय.” आवडाकाकींनी त्या वेळी दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणतात. पण अंगठी गुणाजीकडेच राहिली.

नांदी झाली, झांजा वाजल्या. इतकी वर्षं रंगावर जातोय, पण त्या दिवशी माझं लक्ष खेळात नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट भुणभुणत होती. दाजींना त्यांचा प्रश्न काय होता ते कोणी विचारलंच नव्हतं. काकींनी नाही, गुरवाने नाही, इतका भांडलो तो मीही नाही. उजवी पडली म्हटल्यावर आम्ही सगळे उत्तर घेऊन घरी आलो होतो.

अंगण भरलं होतं. बायकांत पुढेच आवडाकाकी बसल्या होत्या, मांडीवर थर्मास. दाजींच्या घशासाठी गरम पाणी. दर खेळाला त्या तो घेऊन येत आणि मध्येच पडद्याआड आणून देत.

दाजी बाहेर आले आणि आमच्या खेळातल्या एकुलत्या बाकड्यावर असे बसले की बाकड्याचं सिंहासन झालं. आवाज घोगरा होता, पण त्यांनी तोच थेरंदराचा करून टाकला. युद्ध झालं. मी पडलेल्या मुलांची नावं घेऊन रडलो. बायका पदराला डोळे पुसत होत्या. मग ती जागा आली.

“प्राणनाथ,” मी म्हटलं, “युद्धाला निघण्यापूर्वी आपण देवाला नेमकं काय विचारलंत?”

दाजींनी एक उसासा टाकला. “राणी, मी विचारलं, माझं नाव राहील का?”

इथे मी किंकाळी फोडून पडायचं, असं ठरलं होतं. मी पडलो नाही.

“हे थेरंदर महाराजांनी विचारलं,” मी म्हटलं. “आपण काय विचारलंत?”

दाजींच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग ते राजासारखे हसले. “राणी शोकाने भ्रमिष्ट झाली आहे.”

“भ्रमिष्ट नाही महाराज. या सगळ्या नगराला आपण सांगितलंत की देव हो म्हणाला. आम्ही आपली गाठोडी सोडली. पिशवीतले कपडे दांडीवर टाकले. आता तरी सांगा, कशाला हो म्हणाला?”

पिशवी हा शब्द ऐकल्यावर बायकांत थोडी चुळबूळ झाली. काकींनी मान वर केली. दाजींनी न्हानूला बोटाने खूण केली. अडलं की पद. न्हानूने सूर धरला, दाजींनी तोंड उघडलं, आणि वरच्या सुराला आवाज मधोमध फाटला. मी पुढे होऊन त्यांच्या शेल्याचं टोक धरलं. मला खरंच भीती वाटत होती, की ते शेला ओढून घेतील आणि पुन्हा आयुष्यात माझ्याशी बोलणार नाहीत.

“दाजी,” मी हळू म्हटलं. “सांगा.”

आमच्यात रंगावर राजा पुस्तकी बोलतो. मालवणी बोलतो तो विनोदी पात्र. दाजींनी तो नियम कधी मोडला नव्हता, आमच्यापैकी कोणी चुकला तर आत बोलावून कान धरायचे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग लोकांकडे, मग देवळाच्या उघड्या दाराकडे.

“मी विचारलंय,” ते म्हणाले, “देवा, माझो आवाज जावच्या आधी मी जातलंय काय? उजवी पडली.”

इरावतीबाई एका खांबाला टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला.

“ऑपरेशनाचा विचारूकच नाय?” मी विचारलं. मीही पुस्तकी बोलायचं विसरलो होतो.

“कित्याक विचारू? आवाज नाय तर लवू धामापकर कोण? बाकड्यार बसवलेलो धोंडो. मुको होवन जगण्यापरास गायत गेल्लो बरो. देवाक पटला.”

ते इतकं सरळ, इतकं समाधानाने बोलले. त्यांनी लपवलं होतं, फसवलं होतं, पण भ्याले नव्हते. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. राणी संपली होती.

पडद्याआडून गुणाजीला वाटलं, राजा-राणी गप्प झाले म्हणजे खेळ आवरला. तो विष्णूचा मुकुट घालून, शंख वाजवून, बाहेर आला आणि बाकड्यावर चढून उजवा हात वर करून उभा राहिला. लोकांनी सवयीने हात जोडले. देव आला की आमच्याकडे हात जुळतातच. मुकुटाखाली शेजारचा गुणाजी आहे हे माहीत असलं तरी जुळतात.

आणि आवडाकाकी उठल्या.

थर्मास हातात तसाच. त्या लोकांतून वाट काढत पुढे आल्या. मला वाटलं, दाजींना पाणी द्यायला येत आहेत. त्या बाकड्यासमोर उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“बा देवा म्हाराजा!”

गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे साकडं, घालणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम. गुरव घालतो, मानकरी घालतात. बाईने देवासमोर गाऱ्हाणं घातलेलं त्या अंगणाने कधी ऐकलं नव्हतं. पण ‘बा देवा म्हाराजा’ कानावर पडलं की आमच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. त्याला विचार करायला वेळ मिळत नाही.

“व्हय म्हाराजा!” अख्खं अंगण गरजलं.

“आज तुझ्या समोर मी बाईल माणूस गाऱ्हाणा घालतंय!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या माणसान तुका मनात विचारल्यान. घरात मी होतंय, माका विचारूक नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तुका तेचो आवाज आवडता, तर आवाज तू घी! तुझ्या पायाक वायलो! पण माणूस माझो माका ठेव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ते शेवटचं इतकं मोठं होतं की देवळाच्या छपरावरची कबुतरं उडाली. माझाही आवाज त्यात होता. आणि गुणाजी, ज्याला काय चाललंय यातलं काही कळलं नव्हतं, त्याने देवपार्टीची सवय म्हणून वर धरलेला हात पुढे केला आणि म्हणाला, “तथास्तु.”

दाजी काकींकडे बघत होते. चेहऱ्यावर रंग होता तरी खालचा माणूस दिसत होता.

“माझो आवाज देवाक देवची तू कोण?” ते कसेबसे म्हणाले.

काकींनी थर्मास वर केला. “ह्या आवाजाक गरम पाणी कोण घालता? लग्न झाल्या दिवसापासून मी घालतंय. अर्धो तरी माझो आसा मां?”

कोणीतरी हसलं आणि हसता हसता रडायला लागलं. दाजींची नजर गुणाजीच्या हाताकडे गेली. बोटात ती अंगठी होती. मी ती नजर पाहिली. रंगावर दिलेलं परत घ्यायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि शब्दाला जागणं हा तर त्यांचा जन्माचा अहंकार. ज्या गुणाने ते मरायला निघाले होते त्याच गुणाने त्यांना आता गचांडी धरून मागे ओढलं होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी मुकुट उतरवला. बाकड्याजवळ गेले, तो गुणाजीच्या पायाशी ठेवला, आणि पुन्हा राजाच्या पुस्तकी भाषेत, फुटक्या पण मोठ्या आवाजात म्हणाले, “थेरंदराचा आवाज देवाचरणी अर्पण.”

रंगावरचं त्यांचं ते शेवटचं वाक्य.

रंग पुसताना इरावतीबाई आत आल्या. डोळे लाल होते. “त्यांच्या नाटकांत गावकरी मधे पडत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पडले असते तर ती नाटकंच झाली नसती.”

“मग कितीतरी राजे वाचले असते की,” मी म्हटलं.

दाजी त्याच आठवड्यात गोव्याला गेले. आवाज गेला, माणूस घरी आला. पहिलं वर्ष ते आमच्या खेळांना फिरकले नाहीत. मी भेटायला गेलो की भिंतीकडे तोंड करून निजायचे. एकदा काकींनी पेज पुढे ठेवली तर ताट सरकवून दिलं. काकी म्हणाल्या, “शिरा पडो तुमच्या रागार,” आणि ताट पुन्हा पुढे सरकवलं. त्या बाईची चिकाटी बघून मला कधीकधी दाजींचीच कीव यायची. मग एका खेळाला ते अचानक पडवीत येऊन बसले, आणि नव्या राजापार्टीचा मुकुट तिरका झालेला बघवेना म्हणून उठून सरळ बांधून दिला. तेव्हापासून येत राहिले.

माझ्या डोक्यातली भुणभुण मात्र गेली नव्हती. गावात लोक दबक्या आवाजात बोलायचे, देवाचा कौल खोटा पडला, याचं काहीतरी भोगावं लागेल. काही वर्षांनी, अशाच एका खेळाआधी, मी कुंकू लावत होतो आणि दाजी शेजारी बसून माझा अंबाडा ठीक करत होते. काकी थर्मासातून पेज ओतत होत्या. मला राहवलं नाही.

“दाजी, आवाज गेलो, तुमी आसात. म्हणजे कौल खोटो झालो मां?”

त्यांचा हात थांबला. त्यांनी मान हलवली, नाही. मग उठले, पेटाऱ्याजवळ गेले, आणि थेरंदराचा तो जुना मुकुट काढून आणला. गुणाजीच्या पायाशी ठेवल्यापासून तो कोणी घातला नव्हता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला, त्याच्याकडे बोट केलं, आणि हाताचा तळवा उलटा केला. गेला. मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा तळवा उलटा केला. हा नंतर गेला.

मला कळलं. कौलातला ‘मी’ म्हणजे राजा, आणि त्या दिवशी अंगणात आधी राजा गेला, आवाज त्याच्यामागून, गोव्याला. देव काही खोटं बोलला नव्हता. दाजी माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं आम्ही त्यांना वाचवलं म्हणून मनात मिरवत होतो. कोणाला वाचवलं आणि कोणाला घालवलं, याचा हिशेब त्या हातातल्या पत्र्याच्या मुकुटात होता.

काकींनी पेजेची वाटी दाजींच्या हातात दिली आणि मुकुट काढून बाजूला ठेवला.

“गेलो तो राजा गेलो,” त्या म्हणाल्या. “माका राजा कधी होयो होतो?”

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, म्हणून मला कळायला वेळ लागला की ते हसत आहेत. बाहेर झांजा सुरू झाल्या. त्यांनी एका हाताने वाटी सांभाळली आणि दुसऱ्या हाताने मला पाठीत धपाटा घातला. राणी, चल, बाहेर लोक थांबलेत.